पाच हजार एकेचाळिसावा चिंचोका

फार जुनी गोष्ट आहे, पण दिवस पक्का ठाऊक आहे. नदीवरचा बांध पुरा होऊन त्रेसष्टावं वर्ष चालू होतं. कार्तिकातली अमावास्या चार दिवसांवर आली होती. थंडी पडली होती, गहू पेरून झाला होता, आणि मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला, भर माध्यान्ही, पाटात पाणी सोडायचं होतं.

त्या बांधावर दोन गावं जगत होती. एक वरचं, एक खालचं. बांध बांधला तेव्हा राजाने स्वतः उभं राहून पाणी ठरवून दिलं. प्रतिपदेला पाटाच्या तोंडाची फळी उचलायची, म्हणजे पाणी वरच्या गावाच्या रानात जाईल. चौऱ्याऐंशी दिवस झाले की फळी टाकायची, म्हणजे पाणी खालच्या गावाला जाईल. याहून जास्त राजा काही बोलला नाही. शहाणा राजा होता.

वरच्या गावचा पाटकरी सुपडू. पाणी ज्याचं त्याला मोजून द्यायचं हे त्याचं काम, त्याच्या बापाचं काम, आजाचं काम. त्याला अक्षर येत नव्हतं. पण एका घटकेचं पाणी कुणाला जास्त गेलं किंवा कमी गेलं असं उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं, आणि याचा त्याला ताठा होता. चालताना तो खाली बघत नसे.

पाणी मोजायची रीत अशी होती. पाण्याने भरलेलं एक घंगाळ, त्यात तरंगती तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. वाटी हळूहळू भरे आणि बुडे. बुडाली की एक घटका झाली. एका दिवसरात्रीत वाटी साठ वेळा बुडे. चौऱ्याऐंशी दिवसांत पाच हजार चाळीस वेळा.

म्हणून सुपडूच्या घरात एक मडकं होतं आणि त्यात पाच हजार चाळीस चिंचोके होते. वाटी एकदा बुडाली की एक चिंचोका या मडक्यातून त्या मडक्यात. पाणी सोडण्याआधी हेच चिंचोके चावडीपुढच्या फरसावर वाटायचे. जेवढी घरं तेवढे ढीग. ज्याच्या ढिगात जेवढे चिंचोके, तेवढ्या घटका त्याचं पाणी.

आता या आकड्याचा गुण ऐका. बांध झाला तेव्हा गावात सात घरं होती. सात ढीग केले, सातशेवीस-सातशेवीसचे झाले, एकही उरला नाही. आठ घरं झाली, सहाशेतीस आले. नऊ झाली, पाचशेसाठ. दहा झाली, पाचशेचार. बारा, चौदा, पंधरा, वीस, चोवीस, तीस, बेचाळीस, साठ, कितीही घरं होवोत, ढीग सारखे पडत. असा मनमिळाऊ आकडा दुसरा नाही. कुणालाही विचारा, तो वाटून घ्यायला तयार.

एकदाच फसला. घरं अकरा झाली त्या वर्षी दोन चिंचोके उरले. उरलेलं पाणी गुरं पितात त्या हाळाला सोडू, असं ठरलं. मग हाळाशेजारच्या वावरात हाळ कसा दर वेळी फुटतो, यावरून दोन माणसांची डोकी फुटली. तेव्हा जुन्या लोकांनी बांधावरच्या धोंड्यावर दोन ओळी कोरल्या. वाटा सारखा. उरवायचं नाही. आणि रीत पडली, की नवं घर एकेकटं घ्यायचं नाही. ढीग सारखे पडतील एवढी घरं जमली, की सगळी मिळून घ्यायची. साठाची त्रेसष्ट झाली ती तीन घरं जमल्यावर. त्रेसष्टाची सत्तर झाली ती सात जमल्यावर. जो आधी आला त्याने थांबायचं.

सत्तर घरांना बहात्तर-बहात्तर घटका येत. गाव सुखी होतं.

सुपडूला या आकड्याची दुसरी बाजूही ठाऊक होती. तो सात वर्षांचा असताना बापाने चिंचोके वाटायला घेतले, तर शेवटच्या ढिगात एक कमी. बाप हट्टी. त्याने दोन ढीग करून पाहिले, तीन करून पाहिले, पाच केले, सात केले, नऊ केले. सूर्य कलला तरी एकही वाटणी बसेना. काही ना काही उरेच. शेवटी बापाने पोराचं तोंड उघडलं. चिंचोका सुपडूच्या गालात होता, चघळून गुळगुळीत झालेला. बापाने मारलं नाही. एवढंच म्हणाला, "एक गेला की हा आकडा कुणाचाच राहत नाही." सुपडू ते विसरला नाही. चिंचोके भाजून खाणं त्याने त्या दिवसापासून सोडलं.

तर ते त्रेसष्टावं वर्ष.

त्या वर्षी भाद्रपदात नदीला पूर आला आणि पाटाच्या तोंडाशी बांधाला भगदाड पडलं. माणूस आरपार जाईल एवढं. गाव दगड आणायला धावलं. दगड येईपर्यंत बांध राहतो की नाही, अशी वेळ. तेवढ्यात वाटेवरून एक परका माणूस चालला होता. चिंधा त्याचं नाव. पलीकडच्या खोऱ्यात तीन वर्षं पाऊस नव्हता म्हणून घर सोडून निघालेला. बरोबर बायको गजरा, दोन लेकरं, एक म्हैस, आणि म्हशीच्या पाठीवर सात गोधड्या. त्याने कुणाला विचारलं नाही. सातही गोधड्या गुंडाळून भगदाडात कोंबल्या आणि पाठ लावून उभा राहिला. दगड येईपर्यंत उभा राहिला. त्याच्या पाठीची सालं निघाली, पण बांध राहिला.

पाटलाने त्याला विचारलं, की तुला काय द्यावं. चिंधाला बोलायला दम नव्हता. गजरा म्हणाली, "गोधड्या भिजल्या आमच्या. वाळत घालायला जागा द्या."

गाव हसलं, आणि पाटाच्या शेपटाला पडीक होती ती जमीन गावाने त्यांना दिली. त्या दोघांनी दोन महिने खपून दगड वेचले, बांधोळ्या घातल्या, उसनं बियाणं आणून गहू पेरला. गहू बोटभर वर आला होता. आता त्याला पाणी हवं होतं.

आणि घरं एकाहत्तर झाली होती.

अमावास्येला चार दिवस असताना सुपडूने चावडीपुढे राखेने एकाहत्तर चौकटी आखल्या आणि चिंचोके वाटायला घेतले. प्रत्येक चौकटीत एक, मग पुन्हा पहिलीपासून. सगळं गाव भोवती बसलं होतं. चिंधा आणि गजरा मागे, कडुलिंबाखाली. सत्तर फेऱ्या झाल्या. प्रत्येक ढिगात सत्तर चिंचोके आले. पाटलाने हात वर केला आणि मडक्यात उरले किती ते विचारलं.

सुपडूने मोजले. सत्तर.

लोकांत कुजबूज झाली. दोन उरले तेव्हा डोकी फुटली होती. सत्तर म्हणजे एका दिवसरात्रीहून जास्त पाणी. एकजण म्हणाला, की आम्ही जुने सत्तर, उरलेही सत्तर, एकेक आम्हाला वाटा, झालं. दुसऱ्याने त्याला धोंड्यावरची पहिली ओळ म्हणून दाखवली. तिसरा म्हणाला, हाळाला सोडा, म्हशी पोहतील. त्याच्यावर सगळे हसले, पण मार्ग निघाला नाही.

पाटील वाईट माणूस नव्हता. त्याने चिंधाला पुढे बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. बहात्तर घरं झाली की सत्तर-सत्तर घटका येतात, काही उरत नाही. तेव्हा आणखी एक घर येईपर्यंत थांब. तुझे उपकार गाव जाणतं, पण धोंड्याच्या बाहेर गाव जात नाही.

"थांबतो मी, पाटील," चिंधा म्हणाला. "गव्हाला सांगा थांबायला."

चिंधाने पाटलाला हात जोडले, सुपडूला जोडले, आणि उद्या निघतो म्हणून सांगितलं. गजराने लेकराला कडेवर घेतलं. जाताना वाकून तिने आपल्या चौकटीतला एक सांडलेला चिंचोका पुन्हा ढिगावर ठेवला.

ते सुपडूने पाहिलं.

लोक जेवायला गेले. सुपडू गेला नाही. ज्या माणसाच्या पाठीवर बांध राहिला, त्यालाच पाणी नाही. आणि ते नाही म्हणायला सुपडूचेच चिंचोके. त्याला घास गेला नसता. हातात उरलेले सत्तर होते. उगीच बसायचं म्हणून त्याने तेही वाटायला घेतले. पहिल्या चौकटीत एक. दुसऱ्या चौकटीत एक. असं करत तो सत्तराव्या चौकटीपर्यंत आला आणि हात रिकामा झाला.

शेवटची चौकट राहिली. चिंधाची.

सुपडू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग उठून पाटलाच्या दारात गेला. पाटील ताटावर बसला होता.

"पाटील, सत्तर उरले नाहीत. एक कमी पडला."

पाटलाला कळेना. सुपडूने त्याला हाताला धरून फरसावर आणलं आणि दाखवलं. सत्तर ढिगांत एकाहत्तर, आणि एका ढिगात सत्तर. सगळं गाव उरलेल्याकडे बघत बसलं, कमी काय ते कुणी बघितलं नाही. पाटलाने खरकट्या हाताने डोकं खाजवलं. म्हणाला, एक तर एक, पण आणायचा कुठून? दिवसाच्या घटका साठ आणि दिवस चौऱ्याऐंशी. सूर्याकडे मागणार का?

"सूर्याकडे नाही. खाली मागतो."

त्रेसष्ट वर्षांत वरच्या गावाने खालच्या गावाकडे पाणी मागितलं नव्हतं. पाण्याचं काय, विस्तवही मागितला नव्हता. लोक हसतील, असं पाटील म्हणाला.

"हसू देत. हसण्याने पाणी आटत नाही," सुपडू म्हणाला, आणि काठी घेऊन निघाला. म्हणाला खरा, पण उतार उतरताना त्याची मान अवघडली होती. मागायची सवय नसलेल्या माणसाला उतारही चढासारखा लागतो.

खालच्या गावचं पहिलं रान झेलाबाईचं. बांधाच्या अगदी पायथ्याला. फळी पडली की खालच्या गावाची पहिली घटका तिच्या वाट्याची. त्या पहिल्या पाण्याला गाळ असे, आणि त्या गाळावर तिची वांगी पोसत. म्हातारी एकटी होती, तोंडाची फटकळ होती, आणि खालच्या गावाचं पाणीही तीच मोजत असे. ती ओट्यावर पावट्याचे दाणे निवडत बसली होती. सुपडूला येताना पाहून तिने सुपातली नजर काढली नाही.

"पाणी वरून खाली येतं, पाटकरी. मागणं खालून वर जातं. आज उलटं कसं?"

"मागायला आलो हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझी मान. ती आज सरळ नाही."

मग तिने त्याला बस म्हटलं. सुपडूने चिंधाची सगळी हकिकत सांगितली. गोधड्या, भगदाड, गहू. झेलाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे सगळं ठीक, पण तुमचा तो आकडा तर कुणालाही वाटता येतो म्हणे, मग अडलं कुठे?

सुपडूने तिच्या सुपातले आठ दाणे उचलून ओट्यावर ठेवले.

"दोन घरं आहेत असं धर. चार-चार आले?"

"आले."

"चार घरं आहेत. दोन-दोन आले?"

"आले. मला काय पोर समजतोस?"

"आता तीन घरं."

झेलाबाईने दाणे तीन जागी वाटले. दोन, दोन, दोन. दोन दाणे हातात राहिले. तिने ते पहिल्या दोन ढिगांवर टाकले. तिसऱ्या ढिगाकडे तिची नजर गेली आणि तिथेच थांबली.

"एवढंच आहे," सुपडू म्हणाला. "आमचा ढीग मोठा आहे, पण गोष्ट एवढीच आहे. सत्तरांना बसतं, बहात्तरांना बसतं. मधल्याला एक कमी."

झेलाबाईने सुपातून एक दाणा उचलला आणि तिसऱ्या ढिगावर ठेवला. नऊ झाले. तिने ते बोटाने सरळ केले. तीन ओळी, ओळीत तीन.

"माझी पहिली घटका ने," ती म्हणाली. "यंदाची वांगी बारीक होतील. होऊ देत."

सुपडूचे हात जोडायला वर आले. तिने ते सुपाने खाली केले.

"आभार नको. आभाराने वाफा भिजत नाही. धान्य नको, लुगडं नको. पाण्याचं पाणीच परत यायला हवं. यंदा नाही, पुढच्या साली. आणि मागायला तू आलास, फेडायला तो येऊ दे. ज्याची तहान त्याने यावं."

सुपडूने कबूल केलं. ती आत गेली आणि मुठीत काही घेऊन आली. तिच्या दारच्या चिंचेचा एक चिंचोका. मोठा, काळा, चकचकीत. मडक्यात टाकायला लागेल ना, म्हणाली.

चढण चढताना सुपडू एकदा थांबला. मागे वळला. कुणी बघत नाही याची खात्री करून घेतली, आणि खालच्या गावाला हात जोडले. त्या माणसाने देवळाबाहेर हात जोडल्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाव पुन्हा गोळा केलं. चिंधाचं बिऱ्हाड म्हशीवर चढत होतं. ते उतरवायला लावून त्यालाही आणलं. सुपडूने काळा चिंचोका सगळ्यांना दाखवला, तो कुणाचा ते मोठ्याने सांगितलं, आणि चिंधाच्या ढिगावर ठेवला. मग त्याला वाटलं, नुसत्या ढिगांवर लोक विश्वास ठेवायचे नाहीत. म्हणून त्याने प्रत्येक ढिगाची एक ओळ मांडली. एका ओळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. दुपारपर्यंत सगळा फरस भरला.

अगदी चौकोन झाला. एकाहत्तर ओळी आणि ओळीत एकाहत्तर चिंचोके. पाटलाने उगवतीकडून मोजले. एकाहत्तर. दक्षिणेकडून मोजले. एकाहत्तर. सत्तर घरांच्या वेळी कधी असा चौकोन झाला नव्हता. एका बाजूला नेहमी दोन जास्त यायचे. ज्यांना अक्षर येत होतं ते बघत राहिले, आणि ज्यांना येत नव्हतं तेही बघत राहिले. काळा चिंचोका शेवटच्या कोपऱ्यात होता. तो उचलला असता तर चौकोनाचा कोपराच गेला असता.

कालचा तो, जुन्या सत्तरांना एकेक वाटा म्हणणारा, खाली बसला आणि म्हणाला, की काल मी बोललो ते बोललो नव्हतो असं समजा.

पाटलाने चिंधाचा हात धरून त्याला पुढे बसवलं.

त्या साली पाणी चौऱ्याऐंशी दिवस चाललं आणि वर एक घटका. शेवटच्या दिवशी माध्यान्ह झाली तरी फळी पडली नाही. झेलाबाई आपल्या कोरड्या वाफ्यात उभी राहून वर बघत होती. वर चिंधाच्या गव्हात पाणी फिरत होतं. वाटी बुडाली, काळा चिंचोका मडक्यात पडला, आणि फळी पडली. फाल्गुनात चिंधाचा गहू घरात आला. झेलाबाईची वांगी त्या वर्षी खरंच बारीक झाली. तिने ती बाजारात नेली आणि कुणी विचारलं तर, माझं वांगं वर गव्हात गेलंय, असं सांगितलं.

वर्ष गेलं. पुन्हा कार्तिक आला.

त्या वर्षी गावातले दोन भाऊ वेगळे निघाले आणि घरं बहात्तर झाली. काळा चिंचोका मडक्यातच होता, म्हणून सुपडूने एक जुना काढून ठेवला आणि आकडा पुन्हा पाच हजार चाळीस केला. ढीग सत्तर-सत्तरचे, सारखे. काही उरत नव्हतं, काही कमी पडत नव्हतं. पाटील म्हणाला, की आता अडचण नाही. झेलाबाईचं ऋण गावाचं आहे, गाव फेडील. आधी एक घटका तिच्या नावाने बाजूला काढ, आणि राहिलेलं सगळ्यांत सारखं वाट. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगला विचार होता.

सुपडूने एक चिंचोका बाजूला ठेवला आणि राहिलेले वाटायला घेतले. पाच हजार एकोणचाळीस. बहात्तरांना बसेना. एकाहत्तरांना बसेना. भावांनी पुन्हा एकत्र राहतो म्हटलं, कुणी साठ ढीग करून बघ म्हटलं, कुणी बारा, कुणी सात. लोकांना आता खेळ चढला होता. सुपडू एकेक करून बघत गेला आणि प्रत्येक वेळी मान हलवत गेला. हाच आकडा मघापर्यंत सहसा कुणालाही नाही म्हणत नव्हता. एक काढल्याबरोबर त्याने सगळ्यांकडे पाठ फिरवली. दोघांचा नाही, तिघांचा नाही, दहांचा नाही, शंभरांचा नाही.

सुपडूला बापाचे शब्द आठवले. आज त्याला त्यात आणखी काही दिसलं.

"हा फुटत नाही, पाटील," तो म्हणाला. "हे ऋण वाटून घेता येत नाही. एकानेच उचलावं लागतं. आणि त्या म्हातारीने तेच सांगितलं होतं."

चिंधा उठला. पुढे येऊन त्याने सुपडूला सांगितलं, की बाजूला काढलेला परत टाका, सगळ्यांचे ढीग पुरे सत्तरचे करा, आणि मग माझ्यातला एक उचला.

पाटलाला धोंडा आठवला. तुझा ढीग एकोणसत्तरचा होईल, म्हणाला, मग वाटा सारखा कसा राहिला?

यावर गजरा मागून बोलली. गावापुढे ती दुसऱ्यांदाच बोलत होती.

"मिळाला तो सारखाच मिळाला, दादा. मिळाल्यावर दिला. दिलेलं कमी पडलेल्यात मोजत नाहीत."

पाटलाने धोंड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. सुपडूने ढीग पुरे केले आणि काळा चिंचोका मुद्दाम चिंधाच्या ढिगात टाकला. चिंधाने स्वतःच्या हाताने तो शोधून काढला आणि सुपडूच्या हातात दिला.

बोध आताच ऐकून ठेवा: ज्याने आपल्याला कमी पडलेला एक भरून दिला, त्याचं ऋण दुसऱ्यांवर न टाकता स्वतः जाऊन फेडावं.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ सरत आला. चौऱ्याऐंशीव्या दिवशी, माध्यान्हीला एक घटका राहिली असताना, चिंधा पाटाच्या तोंडाशी आला. त्याचा गहू अजून एक पाणी पिऊ शकला असता. त्याने तिकडे पाहिलं नाही. फळी टाकली, खांद्यावर फावडं घेतलं, आणि वळलेल्या पाण्याबरोबर उतार उतरला.

सुपडू आणि गजरा मागून गेले. झेलाबाई वाफ्याच्या तोंडाशी उभी होती. तिने कुणाला या म्हटलं नाही. पाणी आलं, गढूळ, गाळाचं. चिंधाने फावड्याने पाण्याचा दंड फोडून ते तिच्या वांग्यांत वळवलं आणि वाफ्यामागून वाफा भरत गेला.

सुपडूने बांधोळीवर घंगाळ ठेवलं होतं, त्यात वाटी सोडली होती. तो मान खाली घालून तिच्याकडे बघत होता.

वाटी भरली आणि बुडाली. सुपडूने काळा चिंचोका झेलाबाईच्या हातावर ठेवला. तिने तो कनवटीला लावला.